दक्षिणेतील हातकागद : धंदा आणि शब्द

मराठी हस्तलिखितांचा अभ्यास करणारे विद्वान अक्षर, भाषा आणि मजकूर यांकडे बारकाईने पाहतात. ज्या कागदावर हा मजकूर टिकून राहिला त्याकडे मात्र क्वचितच पाहतात. वस्तुतः पेशवेकालीन वह्या, बाडे आणि रुमालांत बांधलेली दप्तरे यांचा कागद हा स्वतःच एक ऐतिहासिक पुरावा आहे.

दक्षिणेत जुन्नर आणि दौलताबाद ही कागदनिर्मितीची दोन प्रमुख केंद्रे होती. दौलताबादजवळच्या गावास ‘कागझीपुरा’ म्हणतात, तर पुण्यात कसबा पेठेत ‘कागदीपुरा’ आहे. धंदा एकच आणि कारागीरही मुसलमान कागदीच. मग नावांत हा भेद का? फारसीत ‘कागद’ व ‘कागज’ अशी दोन्ही रूपे आढळतात. मराठीने आणि कन्नडने दकारान्त रूप स्वीकारले, उर्दू-हिंदीत जकारान्त रूप रूढ झाले. कागझीपुऱ्याचे नाव कारागिरांच्या बोलीस जवळचे, तर कागदीपुऱ्याचे नाव कागद वापरणाऱ्या मराठी समाजाच्या तोंडचे आहे, असे म्हणता येईल. करणारा आणि लिहिणारा यांमधील हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरते.

कागदाची कृती दीर्घ व कष्टाची होती. ताग, जुनी गोणपाटे, दोरखंड, सुती चिंध्या अशा टाकाऊ मालाचे तुकडे करून ते चुन्याच्या पाण्यात मुरवीत, पायाने चालणाऱ्या ढेंकीखाली कुटीत व पुनःपुन्हा धूत. तयार झालेला लगदा जमिनीत बांधलेल्या हौदात कालवून, काठाशी बसलेला कारागीर गवती काड्यांची जाळी लाकडी चौकटीसह त्यात बुडवी आणि एकेक ताव उचली. दाबून पाणी काढलेले ताव भिंतीवर चिकटवून वाळवीत; नंतर त्यांस खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटीत. खळीमुळे शाई पसरत नसे आणि घोटण्यामुळे बोरू अडखळत नसे. चुन्याच्या संस्कारामुळे कागदात आम्लता राहत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लाकडी लगद्याचा गिरणी-कागद हाताळताच तुटतो आणि त्याहून जुना देशी कागद मात्र सुस्थितीत राहतो, याचे हे एक प्रमुख कारण होय.

या कागदाने मराठीस शब्दही दिले. चोवीस तावांचा ‘दस्ता’ फारसीतून आला. ‘रीम’ हा शब्द इंग्रजीतून आला खरा, परंतु त्याचे मूळ अरबी ‘रिज्मा’ म्हणजे गठ्ठा हे असल्याने तो युरोपचा वळसा घेऊन पूर्वेस परतला, असे म्हटले पाहिजे. चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळाचा पिवळा लेप देत. त्या क्रियेवरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. आज तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांस पोथीचे पान आठवते.

मात्र हे सर्व शब्द लिहिणाऱ्यांच्या बाजूचे आहेत. हौदाकाठचे शब्द, म्हणजे जाळीच्या भागांची, लगद्याच्या अवस्थांची आणि घोटण्याच्या प्रकारांची नावे, कोशांत अत्यल्प आढळतात. कारण कोशकारांपुढे दप्तरे होती, हौद नव्हते.

१८८२ मध्ये टिटागड येथे कागद गिरणी निघाली. अशा गिरण्यांच्या आणि आयात केलेल्या स्वस्त कागदापुढे हा धंदा खचला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने त्याच्या पुनरुज्जीवनाचा प्रयत्न केला. अमेरिकन अभ्यासक डार्ड हंटर यांनी १९३७ मध्ये भारतातील कागदी वस्त्यांना भेट दिली व १९३९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. आज हातकागदाच्या वह्या मुख्यत्वे कापड-कारखान्यांतील सुती कात्रणांपासून होतात व भेटवस्तू म्हणून विकल्या जातात. कच्चा माल बदलला, हौदाची जागा यंत्राने घेतली आणि घोटण्याचा दगड मागे पडला.

जुने कागद अभिलेखागारांत सुरक्षित आहेत. ते ज्या हातांनी केले त्यांची परिभाषा मात्र अलिखित असून वृद्ध कारागिरांबरोबर नाहीशी होत आहे. बोलीभाषांच्या सर्वेक्षणात गावांचा व जातींचा विचार होतो, तसाच धंद्यांचाही व्हावयास हवा. कागदीपुऱ्याच्या नावातील एका दकारातून इतका इतिहास हाती येत असेल, तर हौदाकाठच्या शंभर शब्दांतून किती यावा, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.