वैयक्तिक मुखपृष्ठ (आंतरजाल)

वैयक्तिक मुखपृष्ठ म्हणजे ब्राउझर उघडताच दिसणारे, वापरकर्त्याने आपल्या गरजेनुसार मांडलेले वेबपान. बातम्या, हवामान, दिनदर्शिका, शब्दकोश आणि नेहमीच्या संकेतस्थळांचे दुवे या पानावर स्वतंत्र चौकटींत एकत्र ठेवता येतात.

कार्यपद्धती
अनेक संकेतस्थळे नव्या मजकुराची शीर्षके, दुवे व दिनांक यांची यादी आरएसएस किंवा ॲटम या स्वरूपात पुरवतात. या यादीस फीड म्हणतात. फीडचा पत्ता एकदा नोंदवला की मुखपृष्ठ ती यादी ठरावीक काळाने तपासून नवी शीर्षके दाखवते. घड्याळ, गणकयंत्र, कार्ययादी अशा छोट्या साधनांना विजेट म्हणतात.

इतिहास
याहूची 'माय याहू' ही सेवा १९९६ मध्ये सुरू झाली. २००५ मध्ये गूगलचे वैयक्तिक मुखपृष्ठ आणि फ्रान्समधील नेटव्हाइब्ज या सेवा आल्या. गूगलच्या सेवेस २००७ मध्ये 'आयगूगल' हे नाव मिळाले. स्मार्टफोनवरील ॲप्सचा प्रसार झाल्यावर अशा पानांचे महत्त्व घटले. गूगल रीडर ही फीडवाचक सेवा १ जुलै २०१३ रोजी, तर आयगूगल १ नोव्हेंबर २०१३ रोजी बंद झाली.

मराठीतील वापर
पूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे विशिष्ट फाँट वापरत. तो फाँट नसलेल्या पानावर त्यांचा मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोडच्या प्रसारानंतर निरनिराळ्या स्रोतांतील देवनागरी मजकूर एकाच पानावर वाचणे शक्य झाले.

स्थानिक माहितीसाठीही हे पान उपयोगी ठरते. उदाहरणार्थ, परभणी जिल्ह्यातील वापरकर्ता मराठी वृत्तपत्रांची फीड, भारतीय हवामान विभागाचा अंदाज, शेतमालाचे बाजारभाव, जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ आणि परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे संकेतस्थळ एकत्र ठेवू शकतो. जेथे फीड उपलब्ध नसते, तेथे केवळ दुवा ठेवता येतो. अशा संकेतस्थळावरील नवी माहिती स्वतः जाऊन पाहावी लागते.

मर्यादा
मुखपृष्ठाची मांडणी बहुधा सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर साठवलेली असते. सेवा बंद पडल्यास अनेक वर्षे जमवलेली मांडणी नष्ट होऊ शकते. फीडची यादी ओपीएमएल या खुल्या स्वरूपातील फाइलमध्ये उतरवून घेतल्यास ती दुसऱ्या सेवेत नेता येते. विजेट व त्यांतील नोंदी मात्र या फाइलमध्ये येत नाहीत. पर्याय म्हणून दुव्यांची साधी एचटीएमएल फाइल स्वतःच्या संगणकावर ठेवून तीच ब्राउझरचे मुखपृष्ठ म्हणून निवडता येते.