ताणशील तंतू (वैद्यकीय)

ताणशील तंतू : रबरासारखा ताणला जाऊन पुन्हा मूळ लांबीवर येणारा आणि ताणलेल्या स्थितीतही प्रकाश, विद्युत् प्रवाह किंवा दोन्ही वाहून नेणारा तंतू. शरीरात बसवायच्या व त्वचेलगत वापरायच्या उपकरणांसाठी त्याचा विकास चालू आहे. वाकणारा तंतू आणि ताणला जाणारा तंतू यांत गल्लत करू नये. दूरसंचारातील काचतंतू सहज वाकतो, पण काही टक्के ताणला की तुटतो.

पार्श्वभूमी : काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेण्याचा प्रयोग हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात केला व १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी तंतूंचा जठरदर्शक वापरून दाखवला. आपल्याकडे ‘दुर्बिणीने तपासणी’ म्हणतात तिची एक मुळी येथे आहे. मात्र तपासणीपुरता आत जाणाऱ्या तंतूच्या गरजा वेगळ्या आणि ऊतकात मुक्काम करणाऱ्याच्या वेगळ्या. सिलिका काचेचा यंग गुणांक सुमारे ७० गिगापास्कल, तर मेंदूच्या ऊतकाचा किलोपास्कलच्या घरात. त्यामुळे ताठ तंतू प्रत्येक हालचालीत भोवतीच्या पेशींना घासतो, तेथे व्रणऊतक धरते आणि संकेत क्षीण होत जातात. मज्जारज्जू तर नेहमीच्या हालचालीतही सुमारे १२ टक्के ताणला जातो.

निर्मिती : मुख्य पद्धत तापवून ओढण्याची. हवी ती अंतर्रचना आधी एका जाड दांड्यात बसवतात. दांडा भट्टीत मऊ करून खालून ओढला की तीच रचना बारीक होत तंतूत उतरते. दूरसंचाराचे तंतू असेच ओढतात. येथे अडचण साहित्याची आहे. व्हल्कनीकृत रबराच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जखडलेल्या असतात, म्हणून ते तापवले तरी वाहत नाही. सहज वाहणारी प्लॅस्टिके बहुधा एकदा ताणली की परत येत नाहीत. दोन्ही गुण असलेली ऊष्मामृदू प्रत्यास्थ बहुवारिके निवडावी लागतात, तीही ओढण्याच्या तापमानाला पुरेशी श्यानता टिकवणारी. कच्च्या पाकाची तार निघत नाही, तसेच हे. शिवाय प्रकाशवाहक, विद्युत्-वाहक आणि वेष्टन ही तिन्ही एकाच तापमानाला ओढली गेली पाहिजेत. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथील तंत्रविज्ञान संस्थेत (ईपीएफएल) फाबियें सोरें यांच्या गटाने २०१८ मध्ये हे साधले. त्यांचे तंतू मूळ लांबीच्या ५०० टक्क्यांपर्यंत ताणले गेले, आणि यंत्रमानवाच्या बोटात बसवल्यावर त्यांनी स्पर्श ओळखला. साच्यात ओतून एकेक तुकडा काढणे आणि सलग लांबी ओढणे यांत उत्पादनाच्या दृष्टीने फार अंतर आहे. म्हणून हा निर्णायक टप्पा मानावा. ‘पहिला ताणशील तंतू’ कोणता, हे मात्र व्याख्येवर अवलंबून राहते.

विद्युत्-वाहक : तांब्याची तार रबरासारखी ताणता येत नाही. त्यावर एक उपाय गॅलियम-इंडियम मिश्रधातूचा, जो खोलीच्या तापमानाला द्रव असतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात मायकेल डिकी यांच्या गटाने तो पोकळ प्रत्यास्थ तंतूत भरला (२०१३). दुसरा उपाय चांदीच्या अतिसूक्ष्म तारांच्या जाळीचा. तंतू ताणला तरी जाळीतील तारांचा परस्परसंपर्क टिकतो. एमआयटीत पोलिना अनिकीवा यांच्या गटाने २०१७ मध्ये अशा तंतूने उंदरांच्या मज्जारज्जूत प्रकाश सोडून पायांची हालचाल घडवली आणि चेतासंकेतही नोंदवले. त्यासाठी चेतापेशी जनुकीय बदलाने प्रकाशसंवेदी केलेल्या असतात.

प्रकाशवाहक : पाणी धरून ठेवणाऱ्या हायड्रोजेलचा तंतू २०१६ मध्ये मूळ लांबीच्या सुमारे सातपट ताणला गेला. उघड्यावर तो सुकतो, पण ओल्या ऊतकात ही अडचण कमी. २०२३ मध्ये वारंवार ताणूनही न थकणाऱ्या हायड्रोजेल तंतूने हिंडत्याफिरत्या उंदरांची परिघीय चेता उद्दीपित करण्यात आली.

संवेदन : तंतू ताणला की त्यातून जाणारा प्रकाश घटतो. वहनातील हा दोष मोजमापाला उपयोगी पडतो. कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट शेफर्ड यांच्या गटाने २०२० मध्ये असे तंतू हातमोज्यात बसवून बोटांचे वाकणे व दाब मोजला.

रुग्णोपचार : शरीरात बसवायच्या तंतूंचे वर उल्लेखिलेले प्रयोग उंदरांवरचे आहेत.