खर्ड्यापासून निबंधापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यात कच्चे लिहून पक्के करण्याची रीत महाविद्यालयांच्या कितीतरी आधी कचेरीत होती. वकिलाचा अर्ज, तलाठ्याचा अहवाल, सावकाराचा दस्त यांचा आधी खर्डा व्हायचा, मग नक्कल. ‘मसुदा’ हा शब्द अरबीतला. त्याच्या मुळाशी ‘काळे केलेले’ असा अर्थ आहे. खाडाखोडीने काळ्या झालेल्या कागदाला याहून नेमके नाव सापडणे अवघड. निबंधाला मात्र हा संस्कार उशिरा लाभला.

‘निबंध’ म्हणजे पूर्वी धर्मशास्त्राचा संग्रहग्रंथ. त्याला आजचा अर्थ रूढ करून दिला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’ने. वऱ्हाडात शिकणाऱ्या पोरांपर्यंत हे वारे लवकर आले. गोपाळ गणेश आगरकर अकोल्यात शिकत असतानाच ‘वऱ्हाड समाचारा’त लिहू लागले होते. यवतमाळ तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. आजचे नाव १९०५ मधले.

उच्च शिक्षणासाठी इथल्या मुलांना बाहेर पडावे लागे. १८८० साली वणीत जन्मलेले माधव श्रीहरी अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. हे कॉलेज १८८५ चे, आधी कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेले, अभ्यास इंग्रजीतून. पुढे अणे यवतमाळात वकिली करू लागले आणि १९१८ मध्ये तिथे ‘लोकमत’ साप्ताहिक निघाले. अर्ज आणि अग्रलेख एकाच हाताने लिहिणारी ही पिढी खर्डा वकिलीच्या टेबलावर शिकली, वर्गात नव्हे.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले, अमरावतीचे १९८३ मध्ये. जिल्ह्यातली महाविद्यालये मुख्यतः स्वातंत्र्यानंतरची: यवतमाळचे अमोलकचंद, वणीचे लोकमान्य टिळक, पुसदचे फुलसिंग नाईक. वर्ग घराजवळ आले, पण परीक्षा तशीच राहिली. तीन तासांच्या पेपरात निबंध हा अनेक प्रश्नांपैकी एक. खर्डा करायला वेळ कुठला? विद्यार्थी घरून पाठ केलेला निबंध उतरवून काढत. सुधारणा व्हायची ती पाठ करण्याआधी, आणि तीही बहुधा मार्गदर्शक पुस्तकाच्या लेखकाने केलेली.

खरी खाडाखोड दिसे ती वार्षिकांकासाठी दिलेल्या लेखांत आणि सरावाच्या वहीत. डाव्या पानावर विद्यार्थ्याचा मजकूर, उजवे पान कोरे. सर लाल शाईने ‘मले’चे ‘मला’ करत, ‘पानी’च्या नीवर काट मारून ‘णी’ लिहीत. वऱ्हाडी बोलीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया होतो. तोच उच्चार हाताबरोबर कागदावर उतरे. कोलामी, गोंडी किंवा बंजारा घरातून आलेल्या मुलाला तर प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा. त्याच्या खर्ड्यात चूक म्हणून खोडलेले बरेचसे निव्वळ बोलीचे असे, विचाराचे नसे. हा फरक लाल शाईला क्वचितच कळला.

त्यात नियमही बदलत गेले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले; ‘नांव’ आणि ‘पांच’ लिहायला शिकलेल्यांना ‘नाव’ आणि ‘पाच’ लिहावे लागले. लगेच पुढच्या वर्षी, १९७३ साली, यवतमाळात ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्या काळच्या वह्यांत जुने अनुस्वार आणि नवी रूपे एकाच ओळीत शेजारी बसलेली असत.

सत्र पद्धत आल्यावर निबंध वर्गाबाहेरही लिहिला जाऊ लागला. स्वाध्याय म्हणून घरी लिहायचा, ठरल्या तारखेला द्यायचा. इथे खर्ड्याला प्रथमच सवड मिळाली. पण गुण पडतात ते पक्क्या प्रतीला. कच्ची कुणी मागत नाही, आणि संगणकावर लिहिणाऱ्याकडे तर ती उरतच नाही.