माहीतगार कोण आहे?



आज रणांगण नाही, तह नाही, तलवारही नाही. आज आपण फक्त दुकानाच्या काउंटरपर्यंत जाणार आहोत. पण तिथंही इतिहास आहे, आणि सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो.

काही महिन्यांपूर्वी घरी नवा गीझर बसवला. दहा-बारा मिनिटं चालला की एमसीबी पडायचा. बेंगळुरूच्या जुन्या पेठेत विजेच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत. तिथल्या एका दुकानात गेलो. काउंटरवर पंचविशीची एक मुलगी, मागं शिडीवर एक पोरगा. मी तिच्या डोक्यावरून त्या पोराला विचारलं, "इथं कोणी माहीतगार आहे का? मला ३२ अँपिअरचा एमसीबी हवाय." पोरगा शिडीवरूनच म्हणाला, "अवरन्न केळि, सर." म्हणजे, त्यांना विचारा. "मी फक्त खोकी काढून देतो."

त्या मुलीनं शांतपणे दोन प्रश्न विचारले. गीझर किती किलोवॅटचा? आणि भिंतीतली वायर किती जाडीची? पहिल्याचं उत्तर मला येत होतं, ३ किलोवॅट. दुसऱ्याचं येत नव्हतं. ती म्हणाली, "सर, ३ किलोवॅटला साधारण १३ अँपिअर लागतात. तुमचा जुना एमसीबी १० चा असेल, म्हणून पडतो. वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर १६ चा लावा. ३२ चा लावला तर तो पडणार नाही, पण वायर तापेल. एमसीबी गीझरसाठी नसतो, वायरसाठी असतो."

मंडळी, मी तीस वर्षांहून अधिक फौजेत काढली, आणि 'मोठा लावला की प्रश्न मिटला' एवढाच माझा हिशेब होता. त्या पोरीनं माझं घर जळण्यापासून वाचवलं म्हणा ना. घरी परतताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. तिला काही येत नसणार आणि शिडीवरच्या पोराला येत असणार, हे मी कशावरून ठरवलं? दोघांना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ही सवय कुठून आली, ते आज पाहू.

बेंगळुरूची जुनी वस्ती केंपेगौडानं १५३७ साली वसवली असं मानतात. पुढं १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, ते आपल्याला ठाऊक आहेच. या वस्तीला इथं 'पेटे' म्हणतात, म्हणजे आपली पेठच. प्रत्येक पेटेचं नाव धंद्यावरून पडलेलं. अक्की म्हणजे तांदूळ, तांदळाची ती अक्कीपेटे. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेटे. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेटे. कुंभारांची कुंबारपेटे, तेल्यांची गाणिगरपेटे.

अशा पेठेत कोणाला काय येतं, हे गिऱ्हाईक माणसाकडं पाहून ठरवत नसे. ते जातीवरून आणि घरावरून ठरलेलं असे. घाण्यापाशी तेलीण बसली असेल तर तिला तेलातलं कळतं, हे गृहीतच. त्या व्यवस्थेचे दोष आपण सगळे जाणतो आणि ती परत यावी असं कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आजही मुंबईत कोळणीच्या टोपलीपुढं उभं राहून कोणी म्हणत नाही, "बाई, नवऱ्याला बोलवा, पापलेट ताजं आहे का ते विचारायचंय." उलट तिच्यापुढं भलेभले पुरुष वरमतात. आणि कासार? परका पुरुष, पण तो बाईचा हात हातात घेऊन मापाची बांगडी चढवतो, आणि माप त्यालाच कळतं यावर सगळ्यांचा विश्वास.

इथल्या चिकपेटेत जा. साडीची दुकानं, गादीवर बसलेली सगळी पुरुष मंडळी. सेल्समन स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून दाखवतो, आणि जन्मभर साडी नेसलेल्या बायका त्याला विचारतात, "हा रंग शोभेल का?" त्यानं आयुष्यात कधी साडी नेसलेली नाही. तरी तो जाणकार. इथं पुरुषाला बाईच्या वस्तूतलं कळतं यावर आपण सहज विश्वास ठेवतो. बाईला तारेतलं, यंत्रातलं कळतं म्हटलं की मात्र कपाळावर आठी पडते.

पेठेबाहेर पगारी नोकर ठेवणारी दुकानं आली, तेव्हा जातीचा तो पत्ता हळूहळू पुसट झाला. काउंटरमागचा माणूस कोणाचा कोण, गिऱ्हाइकाला ठाऊक नाही. मग ओळखायचं कशावरून? मला वाटतं, तिथं गिऱ्हाइकानं नवा सोपा पत्ता शोधला. वस्तू बायकी की पुरुषी, आणि समोर बाई की पुरुष.

पण हा पत्ता किती कच्चा आहे बघा. टेलिफोनचं उदाहरण घ्या. अमेरिकेत पहिल्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून पोरं ठेवली होती. ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत, खोड्या काढत. १८७८ साली बोस्टनमध्ये एमा नट नावाची मुलगी ऑपरेटर म्हणून लागली. तिचा आवाज आणि तिचा धीर लोकांना इतका आवडला की काही वर्षांतच ते काम बायकांचंच म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आपल्याकडंही ब्रिटिश काळात टेलिफोन एक्स्चेंज, टायपिंग आणि मोठी दुकानं यांत पगारी काम करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये अँग्लो-इंडियन मुली पुष्कळ होत्या. १८०९ पासून छावणी असलेल्या बेंगळुरूला तर हे चित्र फार ओळखीचं. म्हणजे, हे काम कुणाचं याचं उत्तर एका पिढीत उलटं होऊ शकतं. ते निसर्गानं लिहिलेलं असतं तर असं झालं नसतं.

आता याच शहराची गोष्ट. १९४८ साली इथं इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय सुरू झाली. १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स. तिचे वायरलेस सेट आम्ही फौजेत वर्षानुवर्षं वापरले. मग १९६१ साली एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं इथं घड्याळांचा कारखाना काढला. माझ्या पिढीत दहावी पास झालं की किंवा लग्नात जावयाला एचएमटी मिळायचं. तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाटात ते अजून असेल, चावी दिली तर चालेलही.

ती घड्याळं जोडत कोण होतं? एचएमटीच्या जोडणी विभागात मोठ्या संख्येनं बायका होत्या. डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं केसासारखी बारीक स्प्रिंग बसवणाऱ्या. आयटीआयमध्ये टेलिफोनची जोडणी, तारा गुंडाळणं हे कामही मुख्यतः बायकांच्या हातात होतं. म्हणजे ज्या काळात घड्याळाच्या दुकानात गिऱ्हाईक 'मालकांना बोलवा' म्हणत होतं, त्याच काळात त्याच्या मनगटावरचं घड्याळ जलहळ्ळीच्या एखाद्या बाईनं जोडलेलं असण्याची शक्यता फार होती. घड्याळावर विश्वास, पण जिच्या हातांनी ते चालतं तिच्यासारखीच बाई काउंटरवर दिसली की अविश्वास. कारखान्याच्या भिंतीआड तिचं कसब कुणाला दिसत नव्हतं, म्हणून त्यावर शंकाही येत नव्हती.

तोच १९६१ चा दुसरा एक कागद सांगतो. त्याच वर्षी म्हैसूर राज्यानं दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचा कायदा केला. त्याच्या कलम २५ प्रमाणं कोणत्याही स्त्रीला रात्री कामावर ठेवायला बंदी होती. हेतू संरक्षणाचा होता, ते नाकारत नाही. पण परिणाम काय झाला असेल, विचार करा. संध्याकाळ उतरली की दुकानात खरी गर्दी होते. अवघड प्रश्न विचारणारं, चार दुकानं फिरून आलेलं गिऱ्हाईक तेव्हाच येतं. त्या वेळी जी काउंटरवर नाही, ती शिकणार कधी? आणि शिकली तरी लोकांना दिसणार कधी?

केरळमध्ये याची दुसरी बाजू दिसली. तिथल्या मोठ्या कापड दुकानांत विक्रीला बहुतेक मुलीच असत. पण दिवसभर उभं राहायचं, बसायची सोय नाही. त्यांनी लढा दिला आणि २०१८ साली राज्याला कायदा बदलून त्यांच्यासाठी बसण्याची सोय सक्तीची करावी लागली. २०२१ साली तमिळनाडूनंही तेच केलं. जिला तुम्ही धंद्यातली जाणकार समजता, तिला आठ-दहा तास उभी ठेवता का? गादीवरचा सेल्समन आठवा. तो बसूनच साडी विकत होता.

मालकांना विचारलं की उत्तर ठरलेलं. "साहेब, आम्हाला काही अडचण नाही. गिऱ्हाइकाला चालत नाही." हे वाक्य जगभर फिरलंय आणि न्यायालयांतही गेलंय.

अमेरिकेत १९६७ साली सेलिओ डियाझ नावाच्या तरुणानं पॅन अ‍ॅम कंपनीत विमानातल्या सेवकाच्या नोकरीसाठी अर्ज केला. तो पुरुष म्हणून नाकारला गेला. कंपनीचं म्हणणं, प्रवाशांना हवाईसुंदरीच हव्यात. १९७१ साली वरच्या न्यायालयानं निकाल दिला की गिऱ्हाइकाची आवड हे भेदभावाचं कारण होऊ शकत नाही. ती आवड म्हणजेच तर तो पूर्वग्रह, जो मोडायला कायदा केला होता. बघा, इथं फटका पुरुषाला बसला होता. हा पूर्वग्रह दोन्हीकडं कापतो.

आपल्याकडं १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात, जो दिल्लीलाही लागू होता, दारू दिली जाते तिथं स्त्रियांना कामावर ठेवायला बंदी होती. २००७ साली अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती टिकू दिली नाही. संरक्षणाच्या नावाखाली बाईची रोजीरोटी काढून घेता येणार नाही, सुरक्षितता देणं हे सरकारचं काम आहे, हा त्याचा आशय.

आणि आमची फौज? १७ फेब्रुवारी २०२० चा बबिता पुनिया निकाल तुम्हाला आठवत असेल. सरकारचा एक मुद्दा असा होता की जवान बहुतांशी खेड्यांतून येतात, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. न्यायालयानं तो फेटाळला. मी तो निकाल वाचला तेव्हा मला दुकानदाराचंच वाक्य ऐकू आलं. आम्हाला अडचण नाही हो, जवानाला चालत नाही.

यावर मी उंचावरून बोलू शकत नाही, कारण मी स्वतः ते केलंय. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा, म्हणजे फौजेचा वाणी म्हणा. पीठ, डाळ, तेल, भाजी, इंधन हे आमचं काम. १९९२ साली फौजेत स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायचं ठरलं, त्यात आमचं खातं पहिल्या काहींत होतं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तरेतल्या एका सप्लाय डेपोत मी मेजर होतो आणि एक तरुण कॅप्टन बाई माझ्या हाताखाली होत्या.

एक दिवस चणाडाळीचा ट्रक आला. बाईंनी चार-पाच पोत्यांतून नमुना काढला, चाळला, दाणे दातानं फोडून पाहिले आणि माल परत केला. डाळ ओलसर होती, कीड लागायला सुरुवात झाली होती. कंत्राटदाराचा माणूस तडक माझ्या ऑफिसात. "साहब, मॅडम नई हैं, आप एक बार देख लीजिए."

आणि मी गेलो. त्यांच्या देखत पुन्हा नमुना काढला, पुन्हा चाळला. निकाल तोच. "मॅडम बरोबर आहेत," असं मी मोठ्यानं म्हणालो आणि आपण फार न्यायानं वागलो अशा समाधानात परत आलो. बाई काही बोलल्या नाहीत. सॅल्यूट केला आणि पुढच्या ट्रककडं वळल्या.

त्यानंतर त्यांनी नाकारलेला प्रत्येक माल माझ्या दाराशी येऊ लागला. जुन्या सुभेदार साहेबांनीच एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहब, त्यांना ती सवय आपणच लावली." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा 'नाही' हा शेवटचा नसतो, हे मीच त्या कंत्राटदाराला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून हुकूम काढला, मालाबद्दल कॅप्टन साहेबांचा निर्णय अंतिम, माझ्याकडं कोणी यायचं नाही. आठवड्याभरात दारातली रांग संपली. माल आणणाऱ्यांची मनं बदलली की नाही, मला ठाऊक नाही. पण वागणं बदललं, आणि मुख्य म्हणजे डाळ चांगली येऊ लागली.

त्या एवढ्याशा गोष्टीत मला इतिहासाचं सार दिसतं. गिऱ्हाइकाचा संशय हा दगडावरची रेघ नाही. मालक त्याला मान देतो तोवर तो टिकतो. काउंटरवरच्या मुलीला विचारलेला प्रश्न मालकानं स्वतः झेलला की ती मुलगी कायमची अडाणी ठरते. "त्यांनाच विचारा, मला यातलं कळत नाही," असं तो पोरगा शिडीवरून म्हणाला, तेव्हा त्यानं जे केलं ते मेजर असताना मला जमलं नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात एवढंच आहे, मंडळी. जो समोर उभा आहे त्याला, किंवा तिला, आधी प्रश्न विचारायचा. उत्तर चुकलं तर दुसरं दुकान आहेच.

मी १६ चा एमसीबी घेतला. इलेक्ट्रिशियननं वायर पाहिली, अडीचचीच निघाली. गीझर आता नीट चालतो. पुढच्या आठवड्यात पंख्याचा रेग्युलेटर आणायला त्याच दुकानात गेलो. ती मुलगी दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतली होती. पोरगा म्हणाला, "सर, थोडं थांबावं लागेल."

थांबलो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.