जिनिंगचा पट्टा ते क्लच प्लेट

"इंजिन ट्यून केलं, आता क्लच कुठला टाकू?" असं मेकॅनिकला विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "मोठी प्लेट टाका, जास्त पकडेल." उत्तर बरोबर आहे. पण का पकडेल, असं विचारलं तर सांगतात, "जास्त जागा घासते ना!" हे कारण मात्र चुकीचं. बरोबर उत्तर आणि चुकीचं कारण अशी जोडी दिसली की थांबून बघा, संशोधनाचे बरेच प्रश्न तिथेच सापडतात.

1699 मध्ये फ्रान्सच्या आमोंतोंनी मांडलं की घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. 1780 च्या दशकात कुलोमने (हो, विद्युतप्रभारवाला तोच) प्रयोग करून ते पक्कं केलं. मग मोठ्या प्लेटचा फायदा काय? त्रिज्या वाढते. टॉर्क म्हणजे घर्षणांक, दाब, सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या यांचा गुणाकार. क्षेत्रफळ त्यात नाहीच. ते कामाला येतं उष्णता आणि झीज वाटून घ्यायला.

ही युक्ती वऱ्हाडाला मोटारीने शिकवली नाही. 1867 मध्ये नागपूरला पोचलेला लोहमार्ग मलकापूरवरून जातो, आणि त्याच्या आसपास वाफेवरच्या जिनिंग फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या. अशा कारखान्यांत एकच इंजिन लांब शाफ्ट फिरवायचं आणि प्रत्येक यंत्राला दोन पुली असायच्या, एक घट्ट, एक मोकळी. यंत्र थांबवायचं तर पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवायचा. चालू करताना पट्टा घट्ट पुलीवर येतो, थोडा घसरतो, मग धरतो. तुमचा पाय 'हाफ क्लच'वर असतो तेव्हा नेमकं हेच चालू असतं.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये 1897 पासून फेरोडो उभी करणाऱ्या हर्बर्ट फ्रूडच्या सुरुवातीच्या ब्रेक अस्तरांतही कापसाचं कापड होतं! ते तापलं की जळायचं, म्हणून पुढे ॲस्बेस्टॉस आलं आणि नंतर आरोग्याच्या कारणाने बऱ्याच देशांत गेलं.

आता गाडीकडे या. समजा घर्षणांक 0.3, दाब 4000 न्यूटन, सरासरी त्रिज्या 0.08 मीटर आणि बाजू दोन. गुणाकार 192 न्यूटन-मीटर. ट्यून केलेलं इंजिन 170 देत असेल तर कागदावर पुरतं. पण प्लेट तापली आणि घर्षणांक 0.25 वर आला, तर उरतात 160. म्हणजे क्लच घसरणार, घसरला की आणखी तापणार, तापला की आणखी घसरणार. म्हणून कंपनीने छापलेला क्षमतेचा आकडा बघाल तेव्हा तो कुठल्या तापमानाचा आहे हे आधी विचारा.

आणि किती तापतं? आरपीएम स्थिर धरून गाडी उभ्या जागेवरून काढली, तर गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच उष्णता क्लचमध्ये जाते (रस्त्याचा विरोध सोडून). 1000 किलोची गाडी सेकंदाला 4 मीटर वेगावर धरली तर 8 किलोज्यूल, 8 मीटरवर धरली तर 32. जास्त आरपीएमवर क्लच सोडणाऱ्यांनी ही चौपट लक्षात घ्यावी.

मग वाढवायचं काय? दाब वाढवला तर पेडल जड. धातूची सिंटर्ड प्लेट टाकली तर उष्णता सोसते, पण झटक्यात धरते. मलकापूरहून बुलढाण्याला जाताना राजूर घाटात ट्रकच्या मागे रांगताना गाडी हिसके देईल. दोन प्लेटा टाकल्या तर बाजू चार होतात, पेडल हलकं राहतं, खिसाही हलका होतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी आधी थोडा जास्त दाब आणि चांगलं ऑर्गॅनिक अस्तर हेच सुचवेन, सिंटर्ड ट्रॅकवाल्यांसाठी.

एक शेवटचं. सरासरी त्रिज्या काढायची पुस्तकात दोन सूत्रं आहेत : एक समान दाब धरून, दुसरं समान झीज धरून. नव्या प्लेटला पहिलं लागू पडतं, रुळलेल्या प्लेटला दुसरं, आणि दुसऱ्याने टॉर्क थोडा कमी येतो. डिझाइन करणारे म्हणून दुसरं घेतात. परीक्षेत आपण दोन्ही पाठ करतो, व्हायव्हात मात्र विचारतात, "हे गृहीतक का घेतलं?"