शांत? कधीपासून?

आमच्या ऑफिसात सध्या लाओसची साथ आहे. गेल्या दोन वर्षांत टीममधले तिघं जाऊन आले. मेकाँगच्या काठी बसायचं, कॉफी प्यायची, लुआंग प्रबांगच्या गल्ल्यांतून सायकल फिरवायची. परत आल्यावर तिघांचंही वाक्य एकच: "अरे, तिथे काही घडतच नाही. एकदम शांत देश!"

आता याच लाओसवर १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. लोकसंख्येच्या हिशोबात जगात सगळ्यात जास्त बॉम्ब झेललेला देश तो हाच. त्यातले कोट्यवधी छोटे बॉम्ब फुटलेच नाहीत. ते अजून शेतात आहेत, आणि नांगर लागला की फुटतात. म्हणजे पर्यटकाला जी शांतता दिसते, तिच्या खाली हे सगळं पडलेलं आहे.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. कुणी एखाद्या जागेला शांत म्हटलं की मनात विचारायचं, "कधीपासून?"

दिवाळीनंतर आठवडाभर सुट्टी उरली होती. तिघांसारखं विमान पकडायच्या ऐवजी मी गावी गेलो. आमचं साखरा हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. (हिंगोली कुठे आहे हे पुण्यात मला नेहमी सांगावं लागतं. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. हो, नांदेडच्या बाजूला. असो.) बेत काहीच नव्हता. काकांची मोटरसायकल घ्यायची आणि रोज एका दिशेला जायचं. काका म्हणाले, "इथं काय हाय रे बघायला?" म्हटलं, बघू.

सुरुवात हिंगोली शहरापासून. एकोणिसाव्या शतकात इथे हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमावर चालणाऱ्या फौजेची छावणी होती. फिलिप मेडोज टेलर हा अधिकारी इथे राहिलेला. त्याने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली, ती विलायतेत तुफान खपली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली आहे! छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. सगळे अधिकारी त्याच्याशी व्यवहार करायचे, टेलरसुद्धा. या हरीसिंगाने मुंबईहून कापड आणायचं म्हणून सरकारकडून रीतसर परवाना काढला. कापड वाटेत होतं खरं, पण दुसऱ्याचं. त्याने मालकाला आणि सोबतच्या लोकांना मारलं, आणि तोच माल परवाना दाखवून आणला आणि छावणीत उघडपणे विकला. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली जात होती आणि पहारेकऱ्यांच्या ओळीपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली जात होती. पुढे ते खड्डे उकरले तेव्हा टेलर स्वतः हजर होता.

गंमत बघा. त्या काळात हिंगोलीच्या छावणीतल्या साहेबाला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता? "शांत ठाणं आहे."

दुसऱ्या दिवशी औंढा नागनाथ. मंदिराचा खालचा भाग जुन्या काळ्या दगडाचा, कोरीव कामाने भरलेला. वरचा भाग वेगळाच, नंतरचा. तो अहिल्याबाई होळकरांनी बांधला असं सांगतात. पडझड आणि दुरुस्ती दोन्ही एकाच भिंतीत दिसतात. गाभारा जमिनीखाली, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरायचं. विसोबा खेचर आणि नामदेवांची भेट इथलीच मानतात.

तिथून नर्सी. परंपरेने नामदेवांचं जन्मगाव, साल १२७०. इथे वारकरी येतात आणि पंजाबातून शीखही येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. आपल्या जिल्ह्यातला एक शिंपी सातशे वर्षांपूर्वी पंजाबातल्या घुमानपर्यंत गेला आणि तिथलाच झाला. आणि आम्ही ऑनसाइटला गेलो की फेसबुकवर फोटो टाकतो!

एक दिवस नुसताच उत्तरेला, पैनगंगेकडे. उन्हाळ्यात सहज ओलांडावी अशी नदी. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडच्या वऱ्हाडात तिरंगा लागला. अलीकडे निजाम, रझाकार. पोलीस ॲक्शन होऊन १७ सप्टेंबर १९४८ उजाडेपर्यंत तेरा महिने हा काठ भारतात नव्हता. मुंबई-पुण्याच्या शाळेत स्वातंत्र्याची एकच तारीख शिकवतात, आमच्याकडे दोन आहेत. हिंगोलीच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर अजूनही 'हिंगोली डेक्कन' लिहिलेलं असतं, तेवढीच जुन्या हद्दीची आठवण.

आता सगळ्यात भारी भाग. औंढ्याजवळ दुधाळ्याला 'लायगो-इंडिया' होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आत लेसर. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच किंचित ताणलं जातं, आणि त्यामुळे भुजांच्या लांबीत पडणारा फरक मोजायचा. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा टिपलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता. एवढं बारीक ऐकायचं तर ट्रक, रेल्वे, कारखाने सगळे लांब हवेत. म्हणजे या जागेची पात्रताच मुळी तिची शांतता!

पण "कधीपासून?" इथेही सुटत नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, लगेच दुसरा ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५. लोक घराबाहेर धावले. काका तेव्हा गोठ्यात होते. म्हणाले, "म्हशीला आधी कळलं."

मला वाटतं, "तिथे काही घडत नाही" याचा अर्थ बऱ्याचदा "तिथलं आपल्याला कुणी सांगितलं नाही" एवढाच असतो. हिंगोलीचं काही अंशी एका इंग्रजाने लिहिलं म्हणून हरीसिंग तरी माहीत आहे. पैनगंगेच्या काठावरच्या त्या तेरा महिन्यांचं तोंडी सांगणारी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. काकांनी त्यातल्या दोघांकडे मला नेलं, मी मोबाईलवर चार तास रेकॉर्ड केलं. ते टाईप करणं चालू आहे, वीकेंडला दोन-दोन पानं.

तुमचंही गाव असंच "शांत" असेल तर पुढच्या सुट्टीत फोन चार्ज करून जा. आणि हिंगोलीला यायचं तर हिवाळ्यात या. अकोला-पूर्णा मार्ग २००८ पासून ब्रॉडगेज झालाय, गाडी थेट येते.