मोहाची गोडी

मराठीत एखाद्या पदार्थाला आपण ‘गोड’ म्हणतो तेव्हा नकळत गुळाचेच नाव घेत असतो. संस्कृत ‘गुड’, त्यावरून ‘गौड’ म्हणजे गुळाचे, आणि त्यावरून ‘गोड’. ‘साखर’ आली ती ‘शर्करा’ या शब्दावरून. त्याचा मूळ अर्थ खडे, वाळू. पांढऱ्या साखरेने खेड्यातल्या चुलीपर्यंत मजल मारली ती फार उशिरा. वणी हा कापूस-ज्वारीचा मुलूख (१९०५ पर्यंत सबंध यवतमाळ जिल्ह्याला वणीचेच नाव होते), उसाचा नव्हे. पण येथील रानाजवळच्या गावांत गोडीचा आणखी एक झरा होता. तो म्हणजे मोह.

मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली फिकट पिवळी, मांसल फुले पडलेली असतात. ती वेचून उन्हात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा, कधी त्याहून अधिक भाग शर्करेचाच असतो. वणीच्या पलीकडे मारेगाव, झरी-जामणीकडच्या गोंड आणि कोलाम घरांत ही फुले शिजवून पिठात मळतात, भाजून कुटतात, त्यांचे लाडू वळतात. मोह साखरेला ‘पर्याय’ ठरतो तो आपल्या दृष्टीने. त्या घरांत साखरच नंतर आलेली पाहुणी आहे. हल्ली दुकानात मिळणाऱ्या स्टीव्हियाशी मात्र त्याची गल्लत करू नये. मोहातील गोडी ही खरीखुरी शर्करा आहे, मधुमेह्याला तिच्यात कसलीही सवलत नाही.

आता शब्दाकडे वळू. संस्कृत ‘मधूक’, प्राकृत ‘महुअ’, मराठी ‘मोह’. भुरळ या अर्थाचा ‘मोह’ हा ‘मुह्’ धातूपासून आलेला वेगळाच शब्द. दोघांचा उच्चार जुळला, कूळ जुळले नाही. मात्र ‘मधु’ या शब्दात मध आणि मद्य हे दोन्ही अर्थ आधीपासून नांदत होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गोडी आणि नशा यांची सोबत इंग्रजांनी लावून दिलेली नाही. तरीही आपल्या जुन्या साहित्याने मोहाकडे केवळ दारूच्या अंगाने पाहिले नाही. ‘गाथासप्तशती’त गोदावरीकाठच्या मोहाला सावकाश फुले गाळण्याची विनवणी करणारी नायिका भेटते, कारण फुले वेचण्याचे निमित्त संपले की संकेतस्थळही संपणार. लगतच्याच गाथेत शेवटची फुले वेचताना एक स्त्री रडते आहे, जणू चितेतून आप्ताच्या अस्थी वेचते आहे. महाराष्ट्री प्राकृतातील ही मोहफुले वेचणाऱ्या बायकांच्या हातातली आहेत, भट्टीतली नव्हेत.

कायद्याला मात्र भट्टीच दिसली. मुंबई सरकारने १८९२ साली ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा स्वतंत्र कायदा केला. चोरून दारू गाळली जाऊ नये म्हणून फुलांवरच पहारा बसवला. वणी तेव्हा वऱ्हाडात, म्हणजे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर. पण दृष्टी तीच. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांना जागा मिळाली, आणि पुढे विदर्भ मुंबई राज्यात आला. रानातल्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न या मातीला नवा नाही: वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी १९३० साली पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींचा हक्क मान्य केला आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांवरील निर्बंध शिथिल केले. संशय कागदावरून जायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

मनातून तो गेला का? गेल्या वर्षी वर्गात प्राकृत गाथा शिकवताना मी ‘मोह’ शब्द फळ्यावर लिहिला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. मी विचारले, मोहाचे काय काय होते? उत्तर एकच आले, आणि ते पुन्हा हसण्यावारी गेले. तास संपल्यावर झरीकडची एक विद्यार्थिनी टेबलाजवळ थांबली. म्हणाली, “सर, आजी मोहाचे लाडू करते. मी डब्यात आणत नाही.” पुढच्या सोमवारी तिने एक लाडू कागदात गुंडाळून आणला आणि तो स्टाफरूमच्या दाराशी, आजूबाजूला कोणी नाही असे पाहून, माझ्या हातात ठेवला.